मोज्यातला शार्क

रविवार, रात्री साडेअकरा

मनू आज हसली, आणि ते मला अजून टोचतंय.

संध्याकाळी ती बाहुल्यांचा एक कार्यक्रम बघत होती. निळ्या कापडाच्या लाटा, त्यातून सरकत येणारा, शार्कच्या पाठीवरचा असतो तसा स्पंजाचा एक तिकोनी पर. आणि ते दोन सूर. मी आत भाकरी थापत होते. सूर कानावर पडले आणि हात परातीतच थांबला. बाहेर मनू हसून हसून सोफ्यावरून घसरली होती.

तिला ‘जॉज’ हा माणसं खाणाऱ्या शार्कचा सिनेमा ठाऊक नाही. तिच्या वाट्याला आधी नक्कल आली, मूळ सिनेमा कधीतरी येईल. माझं उलटं झालं. काकाने व्हिडिओ भाड्याने आणला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पुढच्या मे महिन्यात वेंगुर्ल्याला आबा कमरेएवढ्या पाण्यात हात पुढे करून उभे. “ये गो बाय, मी आसंय.” मी गेले नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. मग आबांनी बोलावणंच सोडलं.

ते आज नको.

पण सहा-सात मे महिने मी वाळूत बसून काढले, भावंडांचे कपडे सांभाळत, आणि ज्याच्यासाठी काढले ते पाच वर्षांच्या पोरीला गुदगुल्या करतं. याचा राग येतो. राग म्हणावा की दुसरं काही, कळत नाही. त्याच सुट्टीत आई मटणासारखं वाटण लावून मोरी करायची आणि मी दोनदा वाढून घ्यायचे. मोरी म्हणजेच शार्क, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर त्या सिनेमाबद्दल वाचत बसले. तो शार्क म्हणजेसुद्धा एक बाहुलंच होतं. पंचवीस फुटी, दाबलेल्या हवेवर चालणारं, माणसांनी दुरून हलवायचं. अशी तीन केली होती. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटापाशी खाऱ्या पाण्यात ती सारखी बिघडायची, एक तर तळाशी जाऊन बसलं. 55 दिवसांचं चित्रीकरण 159 दिवस चाललं. शार्क चालेना, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गने तो दाखवलाच नाही. पर दाखवला, पिवळी पिंपं दाखवली, आणि बाकीचं संगीतकार जॉन विल्यम्सच्या दोन सुरांवर सोडलं. सुरुवातीचा तासभर तो नीट दिसतच नाही. म्हणजे मी घाबरले ते रिकाम्या पाण्याला. आबा उभे होते त्याच पाण्याला.

सिनेमा जून 1975 चा. त्याच नोव्हेंबरात ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी विनोदी कार्यक्रमात एक शार्क लोकांची दारं ठोठावत हिंडत होता, आणि प्रेक्षक हसत होते. त्या पहिल्या हंगामात बाहुलीकार जिम हेन्सनच्या बाहुल्याही त्याच कार्यक्रमात होत्या. भीती आणि तिची थट्टा यांत पाच महिन्यांचंही अंतर नव्हतं. आमच्याकडे थट्टा पोचायला एवढी वर्षं लागली.

एक गोष्ट मात्र वाचून थांबले. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमावाले मोठ्यांच्या सिनेमांच्या नकला मुद्दाम घालतात, मोठ्यांनीही मुलांशेजारी बसून बघावं म्हणून. तसं बसून बघितलं की मुलं जास्त शिकतात, हा त्यामागचा विचार. म्हणजे आजचा तो विनोद खरं तर मला उद्देशून होता. मनू त्या निळ्या कापडाला हसली, त्या पराच्या डुलण्याला हसली. सूर ओळखणारी घरात मी एकटी होते, आणि मी आत होते, पिठाच्या हातांनी.

झोपायच्या आधी तिने माझा करडा मोजा हातात घातला आणि सोफ्यामागे लपली. “आत्या, तू ते गाणं म्हण.” मी म्हटलं. दोन सूर, हळू, मग जरा जलद. ती बाहेर येईना. मी म्हणतेय, म्हणतेय, मोजा दिसत नाही, आणि खरं सांगते, पोटात तोच जुना गोळा आला. हे तिला कोणी शिकवलं असेल, इतका वेळ आत थांबायला? मग एकदम आलाच मोजा, माझ्या नाकावर. दोघी किंचाळलो. दादा आतून ओरडला.

मे महिन्यात वेंगुर्ल्याला जाऊ म्हणतोय तो. मी अजून हो म्हटलेलं नाही. मोज्याला डोळे नाहीत अशी मनूची तक्रार आहे. डब्यात दोन काळी बटणं सापडली, सारख्या मापाची नाहीत, पण चालतील. सुई-दोरा टेबलावर काढून ठेवलाय.