सिन्नरच्या गारगोट्या, जावरचं जस्त

त्र्यंबकची रांग, रामकुंड, मिसळ हे नाशिकला गेल्यावर होतंच. मला लिहायचंय सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाबद्दल, कारण तिथे एका दगडासमोरून माझा पाय निघेना.

बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या पोकळीत स्टिल्बाइट या खनिजाच्या पांढऱ्या जुड्या आणि मधोमध हिरवट अ‍ॅपोफिलाइट, तेही खनिजच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातले बुडबुडे, पुढे खडकात झिरपलेल्या गरम पाण्यानं भरून काढलेले. लोक फोटो काढून पुढे सरकत होते. अशा दालनात घाई करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आदल्या दिवशी भांडी बाजारात पितळेची समई घेतली होती. सोबतच्या मामांचं आयुष्य भूशास्त्र शिकवण्यात गेलेलं, म्हणून विचारलं, "मामा, पितळेतलं जस्त इथल्याच दगडातलं का?"

"नाही गं. टनभर बेसाल्टमध्ये जस्त जेमतेम 100 ग्रॅम. ते आधी एका जागी गोळा व्हायला हवं."

आणि गोळा व्हायला जवळ ज्वालामुखी असावाच लागतो असं नाही! गाळाच्या थरांत खोलवर अडकलेलं पाणी समुद्राच्या कितीतरी पट खारट असतं, शे-दीडशे अंशांपर्यंत तापलेलं. त्यातलं क्लोराइड वाटेतल्या खडकांतलं जस्त-शिसं उचलून घेतं. शेजारी पर्वत वर आला की उंचावर मुरणारं पाणी या खाऱ्या पाण्याला शेकडो किलोमीटर ढकलत नेतं. ते चुनखडीच्या किंवा तिच्यासारख्याच डोलोमाइट खडकाच्या फटींत आणि गुहांत शिरतं. तिथे हायड्रोजन सल्फाइड भेटला की जस्ताचं स्फॅलेराइट आणि शिशाचं गॅलेना तिथल्या तिथे बसतं. शिवाय आम्ल सुटतं, ते आणखी चुनखडी खातं, छत कोसळतं, आणि पडलेल्या तुकड्यांच्या सांदीत पुन्हा खनिज. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात असे साठे इतके आहेत, की या प्रकाराला नावच तिचं.

आपल्या देशात राजस्थानातल्या जावरचं जस्त-शिसंही डोलोमाइटातच आहे, दीडशे कोटी वर्षांहून जुन्या. जस्त 907 अंशांना उकळून वाफ होतं, म्हणून ते हाती लागणं अवघड. जावरच्या कारागिरांनी मातीच्या मुशी उलट्या लावून ती वाफ खाली थंड भांड्यात उतरवली, युरोपात जस्ताचे कारखाने निघण्याच्या कित्येक शतकं आधी. वापरलेल्या मुशींचे ढीग तिथे अजून पडलेले आहेत. उदयपूरच्या सहलींत महाल असतात, तलाव असतात. तिथून चाळीसेक किलोमीटरवरचं जावर कुणी दाखवत नाही, हे मला अजिबात पटत नाही.