चार्म पॅक, पाव मीटर आणि ओटीतले ब्लाऊजपीस

सिंगल बेडच्या गोधडीचे चौकोन बेतून झाले, निम्म्या ओळी जोडूनही झाल्या. तयार कापलेले तुकडे घ्यावेत की ताग्यातलं कापड, हा माझा हिशेब आता पक्का झालाय, तो मांडते.

पाच इंची चौकोन प्रत्येक कडेला पाव-पाव इंच शिवणीत गेला की साडेचारचा उरतो. 13 बाय 20 मांडले की साधारण 58 बाय 90 इंच होतात, म्हणजे 260 चौकोन. चार्म पॅक म्हणजे तयार कापलेल्या पाच इंची चौकोनांचं पाकीट, त्यात बहुधा 42 असतात. सहा पाकिटं आणली तरी 252च, उरलेल्या आठांसाठी सातवं फोडा! 44 इंची पन्ह्यात मात्र आडवे आठ बसतात आणि मीटरभरात सात ओळी निघतात, म्हणजे 56. पाच मीटरांत काम भागून वर उरतं. बाहेरून येणारी पाकिटं आपल्याकडे महाग पडतात, तेव्हा पैशाचा वाद इथेच मिटला.

पण एकेक मीटर घेतलं तर पाच मीटर म्हणजे पाचच प्रिंट. पाकिटाची खरी किंमत त्यातल्या विविधतेची असते, एकमेकांना शोभणारे रंग कुणीतरी आधीच निवडून दिलेले असतात. मला नेमकं तेच खटकतं. सगळ्यांच्या गोधड्या बँडवाल्यांच्या गणवेशासारख्या एकाच मापाच्या दिसायला लागतात.

मग दहा-बारा प्रिंट थोडे थोडे घ्यावेत म्हणून चिपळूणच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाले, "काकू, पाव मीटर कशाला? अर्धा तरी न्या." त्यांचं म्हणणं वेगळ्या कारणाने का होईना, बरोबरच आहे. पाव मीटर म्हणजे 25 सेंटी, म्हणजे 9.84 इंच. पाच इंचांच्या दोन ओळी त्यात बसतच नाहीत, एकच निघते आणि बाकीची चिंधी होते. 30 सेंटी मागा. धुऊन थोडं आटलं तरी दोन ओळी आरामात निघतात.

एवढं करून प्रिंट कमी पडले, तेव्हा कपाटातल्या ब्लाऊजपीसकडे लक्ष गेलं. हळदीकुंकवाला, बारशाला, ओटीत आलेले आणि पुढच्या ओटीत सरकवायचे म्हणून जपलेले. (त्यातला एखादा माझाच फिरून परत आलेला असणार, खात्री आहे.) 80 सेंटीचा, 36 इंची पन्ह्याचा पीस न आटता टिकला तर त्यातून सहा गुणिले सात, बरोबर 42 चौकोन निघतात. पुरा चार्म पॅक, फक्त एकाच रंगाचा! आटला तर एक रांग जाते. मैत्रिणींशी अदलाबदल केली की विविधतेचाही प्रश्न उरत नाही.

अडचण एकच, सुती कुठला ते हाताला कळत नाही. कडेचा धागा ओढून जाळून बघा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. गोळीवाले मी बाजूला काढले, इस्त्री कडक लागली की ते आकसतात.

ताग्यातलं कापड आणि पीस आधी धुता येतात, पाकिटातले चौकोन धुतले तर कडेचे धागे सुटून माप जातं. त्यांच्या कडा दातेरी असतात, माप कुणाचं दात्याच्या टोकापासून तर कुणाचं खाचेपासून. एक चौकोन पट्टीखाली ठेवून बघितल्याशिवाय मशीनवर बसू नका. लाल, मरून, गडद निळा पांढऱ्याशेजारी यायचा असेल तर मी धुतलेलंच कापड वापरते. धुण्याचं काम मात्र मृगाआधी उरकलं, आपल्याकडे एकदा पाऊस लागला की कापड वाळत नाही, आंबतं. बेतण्याआधी भाताच्या पेजेची पातळ निवळ मारून इस्त्री केली, म्हणजे उरेपमध्ये, तिरका कापला गेलेला तुकडा ओढला जात नाही. खळ दिलेलं कापड पावसाळ्यात ठेवून देऊ नका, कसर लागते. लगेच शिवायचं तेवढ्यालाच खळ.

अस्तराला जुनी सुती सहावारी आहे. साडेपाच मीटरांतून अडीच-अडीच मीटरांचे दोन तुकडे, मधे एक शिवण, 58 इंचांना पुरून उरतं. काठाला अडीच इंची आठ पट्ट्या लागतील. त्यासाठी जेली रोल, म्हणजे तयार कापलेल्या चाळीस पट्ट्यांची गुंडाळी, कोण फोडणार! एकाच गडद रंगाचं 60 सेंटी आणेन, आठ पट्ट्यांना 20 इंच लागतात, अर्धा मीटर त्याला थोडा कमी पडतो.