सतरा नंबरचा फॉर्म आणि न सापडणारं रजिस्टर

बाहेरून दहावीला बसायचं, म्हणजे नावनोंदणीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा म्हटलं की लोक गणिताची भीती घालतात. गणित नंतर. माझं घोडं अडलं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी. आठवीत शाळा सुटली, दाखला कधी काढलाच नव्हता, आणि त्या एका कागदापायी सहा खेपा झाल्या.

पहिल्या खेपेला क्लार्क म्हणाले, "प्रतिज्ञापत्र आणा, पाचशेच्या स्टँपवर." का? प्रतिज्ञापत्र लागतं ते नेलेला दाखला हरवला आणि दुय्यम प्रत हवी असेल तर. कधीच नेला नसेल तर ती पहिली प्रत, त्याला साधा अर्ज पुरतो. आणि खरंच हरवला असला तरी पाचशे रुपये घालण्याआधी विचारा. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्याने २००४ मध्येच माफ केलंय, साधा कागद चालतो.

पुढच्या तीन खेपांना एकच उत्तर: "रजिस्टर सापडत नाही ताई, पुढच्या सोमवारी बघू." चूक थोडी माझीही होती. मी शाळा सोडल्याचं साल सांगत होते आणि ते त्या सालाचे गठ्ठे उपसत होते. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत नाव घातलेल्या सगळ्या मुलांच्या नोंदींचं पुस्तक, प्रवेशाच्या क्रमाने लिहितात. पाचवीत नाव घातलं असेल तर नोंद पाचवीच्या सालात, मग शाळा कधीही सोडलेली असो. हे मला चौथ्या खेपेला कळलं, आणि तेही शिपाईमामांकडून!

तरी पान सापडेना. तेव्हा बरोबर पाचवीत आलेल्या मैत्रिणीचा दाखला मागून घेतला. त्याच्या वरच्या बाजूला जनरल रजिस्टर नंबर असतो. तिच्या नंबराच्या मागेपुढे शोधायला सांगितलं, तर पुढच्याच पानावर माझं नाव. दहा मिनिटांचं काम.

तोंडी विचारत बसू नका. पहिल्याच दिवशी अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. मी ते पाचव्या खेपेला केलं आणि सहाव्या खेपेला दाखला हातात. अनुदानित शाळेला माहितीचा अधिकारही लागू आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून नोंदीची प्रत मागता येते, उत्तराची मुदत तीस दिवस. पण फॉर्मची मुदत त्याआधी संपू शकते, म्हणून हा उपाय शेवटी ठेवू नका.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी एकच आहे का, आईचं नाव आहे का, सही-शिक्का आहे का. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेशिवाय होत नाही. सासरचं आडनाव घाला म्हणून क्लार्कशी भांडू नका, त्यांना ते घालता येत नाही. फॉर्ममध्ये दाखल्यावरचंच नाव जातं.

फॉर्म ऑनलाइन भरला, शुल्क भरलं, प्रिंट आणि कागद संपर्क केंद्राच्या, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांसाठी नेमलेल्या शाळेत दिले. एका दुपारचं काम. मात्र नावनोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं नाही, तो वेगळा असतो. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षाही त्याच शाळेत होतात. बाहेरच्यांना शाळा आवर्जून फोन करेलच असं नाही, तेव्हा डिसेंबरपासून महिन्यातून एकदा चक्कर मारा.

गणिताचं सांगायचं राहिलं. बीजगणित ४० आणि भूमिती ४०, प्रत्येकी दोन तास, उरलेले २० शाळेकडचे. भूमितीतल्या रचना आधी पक्क्या करा. आणि एखादा विषय राहिलाच तर जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते, फक्त तोच विषय द्यायचा.

हो, दाखल्याला लॅमिनेशन करू नका. मूळ प्रत संपर्क केंद्रात जमा होते. त्याआधी रंगीत स्कॅन आणि चार झेरॉक्स काढून ठेवा, आणि त्यातल्या एकीवर तो जनरल रजिस्टर नंबर ठळक लिहून ठेवा.