टँगवरचे पांढरे ठिपके आणि पाच वेळचं पाणी

समुद्री टँकमधल्या टँग नावाच्या माशाच्या परांवर ठिपके दिसले की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. तो आवरला आणि टँकचा दिवा लावण्याआधी टॉर्च घेऊन बसलो. टॉर्च समोरून नाही, काचेला लागून बाजूनं मारायची. ठिपके मिठाच्या कणाएवढे, सुटे, मोजता येण्यासारखे असतील तर बहुधा इक, म्हणजे क्रिप्टोकॅरियन नावाचा परजीवी. अंगावर पिठी भुरभुरल्यासारखी दिसते, मासा पंपाच्या झोतात तोंड घालून राहतो, उजेड टाळतो, तर ते व्हेल्वेट, दुसरा परजीवी. क्लाऊन माशाच्या अंगावरून शेंबडासारखे पापुद्रे सुटत असतील तर ब्रूकलिनेला, तोही परजीवीच. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ असेल तर तो लिम्फोसिस्टिस, विषाणूचा प्रकार. त्याला परजीवीचं औषध घालून मासा उगाच हैराण होतो.

माझ्या बोटभर टँगवर दहा-बारा सुटे ठिपके होते, दोन्ही क्लाऊन वरून स्वच्छ. कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला ८० च्या आत. ती शंभरावर गेली असती तर व्हेल्वेट धरूनच चाललो असतो, कारण तो आधी कल्ल्यात शिरतो आणि ठिपके दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. व्हेल्वेटला टब बदलण्याचा उपाय (दर तीन दिवसांनी मासे कोऱ्या टबात, पुढे येतो) चालत नाही. वेगळ्या टाकीत चिलेटेड कॉपर (तांब्याचं औषध) तीन-चार दिवसांत चढवत २ ते २.५ पीपीएमवर न्यायचं आणि ३० दिवस तिथंच ठेवायचं, डिजिटल मीटरवर रोज मोजून. आयोनिक कॉपरचा आकडा वेगळा, ०.५ च्या आसपास. बाटली कुठली हे न बघता डोस घातला तर मासा तरी मरतो नाहीतर रोग तरी राहतो.

फ्लूक, म्हणजे अंगाला चिकटणारे बारीक चपटे किडे, आहेत का हे बघायला काळी बादली घेतली. दहा लिटर आरओ पाणी, तापमान टँकएवढं, चिमूट-चिमूट खायचा सोडा घालून पीएच ८.२, अर्धा तास एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड). मासा त्यात पाच मिनिटं. तो आडवा पडतो, तेवढं चालतं. दम तोडायला लागला तर लगेच काढायचा. तळाशी तिळासारखे चार पांढरे कण पडले, म्हणजे इकच्या जोडीला फ्लूकही. या आंघोळीनं इक मात्र मरत नाही, तो कातडीच्या आत बसलेला असतो.

ठिपके चार-पाच दिवसांत आपोआप जातात आणि लोक म्हणतात, औषध लागू पडलं. प्रत्यक्षात परजीवी तीन ते सात दिवस माशावर राहून गळून पडतो, तळाला चिकटून कोष करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं सुटतात. कोष फुटायला किमान तीन दिवस लागतात. म्हणून दर ७२ तासांनी मासे कोऱ्या टबात.

दिवस १, ४, ७, १०, १३, सकाळी सात. चाळीस लिटरचे दोन प्लास्टिक टब आळीपाळीनं, आत मासे लपायला फक्त पीव्हीसी पाइपचे एल्बो; वाळू नाही, दगड नाही. घरच्या पिण्याच्या आरओला मिनरलचं कार्ट्रिज असतं, ते पाणी घेऊ नये. आरओनंतर डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर), मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य. समुद्री टँकचं मीठ लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, पाच वेळचं मिळून साडेसात किलोच्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्यायचा.

मासे जाळीनं धरू नयेत, टँगचा शेपटीजवळचा काटा अडकतो. मी तांदूळ धुवायची रोळी वापरली; पाणी तिथल्या तिथं निथळतं. रिकामा टब, हीटर, नळी ब्लीचनं धुऊन उन्हात कोरडं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये काहीच वाळत नाही, म्हणून हीटर आणि नळ्यांचा दुसरा संच लागतोच. एअर स्टोनच्या भोकांत ओल राहते, तो दर वेळी नवा. दुसऱ्या आणि चौथ्या वेळच्या टबात फ्लूकवरचं औषध प्राझिक्वान्टेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे टबाला १००. दोनदा का, तर फ्लूकच्या अंड्यांना ते लागत नाही.

टबात फिल्टर नसतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो. खाणं निम्मं केलं आणि अमोनिया बांधणारं द्रावण घातलं. कॉपर असताना मात्र ते घालू नये, कॉपर जास्त विषारी होऊ शकतं. एप्रिल-मे असेल तर दुपारी टबाचं पाणी ३१ अंशांवर जातं. पृष्ठभागावर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतं. एअर पंप इन्व्हर्टरवर. दुरुस्तीसाठी वीज गेली तर एवढ्याशा पाण्यात ऑक्सिजन लवकर संपतो.

मुख्य टँकमध्ये एकही मासा न ठेवता ७६ दिवस. कोरल, गोगलगायी तिथंच. कॉपर तिथं घालायचं नाही, दगड-वाळू शोषून घेते आणि गोगलगायी मरतात. टब दुसऱ्या खोलीत ठेवले, टँकमध्ये हात घातला की तो पुसून कोरडा केल्याशिवाय टबाकडे जायचं नाही. पाचव्या वेळच्या टबातून मासे कोऱ्या टाकीत गेले, फिल्टर मात्र मुख्य टँकचा ओला स्पंज न आणता बाटलीतल्या बॅक्टेरियांवर चालू केला.