नवरदेव वाढायला उठतो

सायकलपटूनं देखणं असावं अशी काही अट नाही. तीन आठवड्यांच्या शर्यतीच्या शेवटी तर बहुतेकांची गालफडं बसलेली असतात. ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्सची मात्र तेव्हाही ऐट असायची. उंच, काटकुळा, आणि कानापासून जबड्यापर्यंत उतरलेले लालसर कल्ले, थेट साठच्या दशकातले. २०१२च्या टूर द फ्रान्समध्ये, फ्रान्सच्या त्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, चाहते खोटे कल्ले चिकटवून त्याला बघायला यायचे. मला भुरळ घातली ती त्याच्या पाठीनं. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी लावलेल्या शर्यतीत, पाय गरगर फिरत असायचे, वर पाठ ढिम्म हलायची नाही.

ही ऐट त्याला परवडत होती, कारण वारा दुसरेच कुणी खात होते. पुढच्याच्या आडोशानं चालवलं की दमणूक बरीच वाचते. सांघिक सायकलिंगचं सगळं गणित या आडोशावर. विगिन्सच्या स्काय संघाचा कान्स्तान्तिन सिउत्सू तिसऱ्याच टप्प्यात पाय मोडून घरी गेला. उरलेल्यांत जर्मनीचा ख्रिश्चन क्नेस सपाट रस्त्यावर तासन् तास पुढे राबायचा. चढावर मायकेल रॉजर्स, मग रिची पोर्ट, शेवटी ख्रिस फ्रूम. ला तुसुइरच्या चढावर फ्रूम विगिन्सलाच मागे टाकून निघाला होता. संघाच्या रेडिओवरून त्याला थांबवलं गेलं. तो एकूण दुसरा आला. त्याचं ते थांबणं मला अजूनही खुपतं.

विगिन्सनं दोन्ही मोठ्या टाइम ट्रायल स्वतःच्या पायांवर जिंकल्या, हेही खरं. पिरेनीजच्या डोंगरांत कुणी नतद्रष्टानं रस्त्यावर बारीक खिळे टाकले आणि आदल्या वर्षीच्या विजेत्या कॅडल इव्हान्सची चाकं बसली, तेव्हा विगिन्सनं वेग कमी करायला लावून त्याला गाठू दिलं. पुढे २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं या संघाच्या औषधवापरावर ताशेरे ओढले. विगिन्सनं आरोप नाकारले. माझ्या कौतुकात तेव्हापासून एक बारीक खडा आहे, तो काही निघत नाही.

तरीही २२ जुलैचं पॅरिस मी पुन्हा पुन्हा बघतो. टूर जिंकणारा पहिला ब्रिटिश माणूस व्हायला विगिन्सला फक्त न पडता रेषेपर्यंत पोहोचायचं होतं. शेवटच्या किलोमीटरला एकूण आघाडीवरच्याची पिवळी जर्सी घातलेला विगिन्स सगळ्यांच्या पुढे! त्याचाच सहकारी, जगज्जेता मार्क कॅव्हेंडिश, तीन आठवडे संघासाठी पाण्याच्या बाटल्यासुद्धा वाहत होता. त्याच्यासाठी आता नवरदेवच पंगतीत वाढायला उठला होता. विगिन्स बाजूला झाला, संघातल्या बोआसन हागेननं सूत्रं घेतली, आणि वळण संपताच कॅव्हेंडिश सुटला. शाँझेलिझेवरचा, पॅरिसच्या त्या रस्त्यावरच्या शेवटच्या टप्प्यातला, त्याचा सलग चौथा विजय.

मग मंचावर राष्ट्रगीत झालं, माईक विगिन्सच्या हाती आला. सगळे गंभीर. आणि हा गडी म्हणतो, चला, आता लकी ड्रॉचे नंबर काढू या.