खुंटातलं जंगल

आज धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, बारीपाडा गावाच्या रानात दिवसभर फिरलो. एकेकाळी हे डोंगर उघडेबोडके होते. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी मिळून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली आणि ४०० हेक्टरांहून जास्त जंगल उभं राहिलं. जमीन सरकारची, राखण गावाची. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा किती आनंद झाला होता!

जंगल परत आणायला दरवेळी रोपंच लावावी लागतात असं नाही. साग तोडला तरी मूळ जिवंत असतं, खुंटाला धुमारे फुटतात. गुरांच्या तोंडातून आणि वणव्यातून ते वाचवायचे, जोमदार एक-दोन ठेवून बाकीचे छाटायचे. जुनी मुळं तयारच असतात, म्हणून ते रोपापेक्षा भराभर वाढतात. सगळीकडे माजणारी घाणेरीची (लँटाना) झुडपं उपटली की उजेड जमिनीपर्यंत पोचतो, गवत येतं, त्यामागून ससे, तितर. आपण मात्र खड्डे खणून फोटो काढतो आणि उन्हाळ्यात तिकडे फिरकतही नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमच्या शिरपूरकडे होळीआधी जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढायच्या आहेत. वनरक्षक दादांशी बोलणं झालंय. विळा-कोयता घेऊन कोण कोण येतंय? खाली कळवा.