पोपरिंगच्या पियानोवर टिपरारी

बेल्जियममध्ये आम्ही ब्रुसेल्स पाहिलं, ब्रूज पाहिलं, लेकीच्या लुवेनच्या खोलीत स्वयंपाक करून जेवलो. ते सगळं छान झालं, पण लिहावंसं वाटतंय ते पोपरिंगबद्दल. फ्रान्सच्या सीमेजवळचं हे छोटं गाव. रेल्वे इथेच संपते आणि आजूबाजूला बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सचे मळे दिसतात. पहिल्या महायुद्धात ईपरची आघाडी इथून जेमतेम बारा किलोमीटरवर होती. खंदकातून चार दिवस सुटका झाली की ब्रिटिश शिपाई आंघोळीला, पोटभर जेवायला आणि गाणी म्हणायला इथे यायचे.

आदल्या दिवशी ईपरला मेनिन गेट या स्मारक-कमानीखाली रात्री आठचं ‘लास्ट पोस्ट’, म्हणजे शहिदांना मानवंदना देणारी बिगुलाची धून, ऐकलं. ज्यांचा मृतदेहही हाती लागला नाही अशा 54,000हून अधिक सैनिकांची नावं त्या कमानीवर कोरली आहेत, आपले हिंदी शिपाईही त्यात आहेत. बिगुल सुरू झाला आणि पुढच्या सगळ्यांचे हात मोबाइलसकट वर गेले. मला तर संताप आला. दोन मिनिटं नुसतं उभं राहायला काय हरकत आहे?

म्हणून पोपरिंगला जाताना फार अपेक्षा नव्हती. तिथलं टॅलबट हाउस म्हणजे डिसेंबर 1915 मध्ये टबी क्लेटन या पाद्र्याने सैनिकांसाठी उघडलेलं विसाव्याचं घर. अधिकारी आणि साधा शिपाई हा भेद इथे उंबऱ्याबाहेर ठेवायचा, असा त्यांचा दंडक होता. आजही तिथे मुक्काम करता येतो. जिने करकरतात, बाथरूम सामायिक आहे, पण पंचतारांकित हॉटेलात कधी मिळाली नाही अशी आपुलकी इथे मिळाली. इंग्लंडहून आलेले स्वयंसेवक घर सांभाळतात आणि दारात आलेल्याला आधी चहा विचारतात. दूध घातलेला, कडक चहा! अख्ख्या प्रवासात तसा दुसरा मिळाला नाही.

कप हातात होता तेवढ्यात शेजारच्या खोलीतून पियानो ऐकू आला. सत्तरीच्या पुढच्या एक आजी वाजवत होत्या. त्यांचा डावा हात कवायतीच्या ठेक्यात पडत होता, आणि वरची एक पट्टी दाबली की अडकून बसायची. प्रत्येक वेळी त्या करंगळीने ती उचलायच्या आणि ताल न चुकवता पुढे जायच्या. धून ओळखीची होती, ‘इट्स अ लाँग वे टू टिपरारी’, आयर्लंडमधलं टिपरारी फार दूर आहे असं म्हणणारं गाणं. धृपद आलं तसे चहा पिणारे सगळे गाऊ लागले, मीही. कडवं आलं आणि सगळे गप्प झाले, कारण ते कुणालाच येत नव्हतं. तेव्हा आजींच्या मागे उभे असलेले त्यांचे यजमान एकटेच गायला लागले.

ते कडवं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लंडनला आलेला पॅडी गावाकडच्या मॉलीला पत्र लिहितो आणि शुद्धलेखन चुकलं तर दोष लेखणीचा समज, असं बजावतो. मॉलीचं उत्तर येतं, की माइक मलोनी मला मागणी घालतोय, आता लवकर परत ये. एवढंच. शत्रू नाही, झेंडा नाही, जय-पराजय नाही. लोक हसत होते, कारण गाणं विनोदीच आहे. माझ्या मात्र घशात आवंढा आला. याच घरात कितीतरी पोरं घरच्या पत्राची वाट बघत हेच गायली असतील.

गाणं युद्धासाठी लिहिलेलंच नव्हतं. जॅक जज नावाच्या गायकाने 1912 मध्ये मँचेस्टरजवळच्या स्टॅलीब्रिजला पाच शिलिंगांच्या पैजेवर ते एका रात्रीत रचलं, असं सांगतात. ऑगस्ट 1914 मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या कॉनॉट रेंजर्स पलटणीचे आयरिश जवान फ्रान्समधल्या बूलोन बंदराच्या रस्त्यावर ते गात चालले होते, ‘डेली मेल’च्या वार्ताहराने ते ऐकून बातमी दिली. नोव्हेंबरात गायक जॉन मॅकॉर्मॅक यांची रेकॉर्ड निघाली आणि गाणं जगभर गेलं.

आजी एकामागून एक वाजवत राहिल्या. ‘पॅक अप युअर ट्रबल्स’ लागलं तेव्हा यजमानांनी सांगितलं, की हसा, हसत राहा म्हणणाऱ्या या गाण्याचे संगीतकार फेलिक्स पॉवेल यांनी दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, होम गार्डच्या गणवेशात स्वतःवर गोळी झाडून घेतली. ‘कीप द होम फायर्स बर्निंग’चे शब्द लिहिणाऱ्या लीना गिल्बर्ट फोर्ड मार्च 1918 मध्ये लंडनवरच्या हवाई हल्ल्यात मुलासह गेल्या. यानंतर त्या ओळी सहजपणे गाणं मला जमेना.

आणि मग एक चाल आली जी मी नगरला लहानपणापासून घराजवळच्या चर्चमधून ऐकत आलेय, ‘व्हॉट अ फ्रेंड वी हॅव इन जीझस’ची. खंदकातल्या पोरांनी त्या चालीवर स्वतःचे शब्द बसवले होते: हे मेलं युद्ध संपू दे, साधे कपडे घालीन, पुन्हा शिपाईगिरी नको. मला ही त्यांची खरी प्रार्थना वाटते.

दुसऱ्या दिवशी हट्टाने फ्रान्समधल्या न्यव्ह शापेल या गावी गेलो. 28 ऑक्टोबर 1914 ला खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या शीख पलटणीबरोबर या गावात घुसल्या आणि जबर हानी सोसून मागे फिरल्या. तिथल्या भारतीय स्मारकाच्या भिंतीवर आपल्या वळणाची नावं वाचताना मनात एकच प्रश्न होता, हे काय गात असतील? इंग्रजांच्या गाण्यांची पुस्तकं छापली गेली, रेकॉर्डी निघाल्या. आपल्या माणसांच्या वाट्याला हे आलं नाही, याचा मला मनापासून राग येतो.

साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंग्याचे 46 जण त्या युद्धात कामी आले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या, तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. त्या घरांतल्या बायकांनी जात्यावर काहीतरी म्हटलंच असणार. तुमच्या आजी-पणजीकडून पलटणीवर गेलेल्या माणसाची एखादी ओवी, एखादं कडवं घरात कुणाला येत असेल, तर या सुटीत गावी जाल तेव्हा फोनवर रेकॉर्ड करून घ्या. कुणाची ओवी, कुठल्या गावची, तेही त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. आणि जमलं तर मलाही पाठवा.